थ्री-डीचा चष्मा आणि आळशी डोळा



गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत चार दिवस घोलवडला धाकट्या बहिणीकडे जाणे झाले. डहाणू रोड मागे पडले की पुढचेच स्टेशन घोलवड. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या. या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून गावाचे नाव लांबवर गेले आहे. बहीण वाडीत चिकू निवडायला जाते. भाचा वायरमनची कामे करतो. घरात सून आणि दोन नातवंडे. मोठा मुलगा पाचवीत, धाकटी मुलगी पहिलीत.

घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच भाच्याने विचारले, "मामा, थ्री-डी टी.व्ही. बघितलाय का कधी?"

झाले होते असे. वाडीतल्या एका बंगल्याचे मालक मुंबईला राहतात. त्यांनी नवा टी.व्ही. घेतला आणि जुना, चौदा-पंधरा वर्षांपूर्वीचा, भाच्याच्या वायरिंगच्या मजुरीत वळता केला. संच चांगला चालतो. त्याच्यासोबत एक डबा आला. डब्यात काळ्या काचांचे दोन जाडजूड चष्मे. मित्राकडून भाच्याने समुद्राखालच्या माशांची थ्री-डी फिल्म पेनड्राइव्हवर आणून ठेवली होती. मामा येणार म्हणून खेळ राखून ठेवला होता.

संध्याकाळी जेवणे उरकून आळीतली मंडळी जमली. मोजली तर अकरा माणसे. चष्मे दोन. मग भाच्याने घड्याळ समोर ठेवले आणि नियम केला : प्रत्येकाला पाच मिनिटे, आधी मुले, मग म्हातारी माणसे, मग बाकीचे. ज्यांच्या डोळ्यांवर चष्मा नाही त्यांना पडद्यावर प्रत्येक माशाच्या दोन-दोन सावल्या दिसत होत्या, हलवून काढलेल्या फोटोसारख्या. ज्यांना चष्मा मिळाला ते मात्र हात पुढे करून हवेत मासे पकडत होते. शेजारची एक आजीबाई "अगं बाई, अंगावर आला!" म्हणून मागे सरकल्या आणि सगळे घर हसले.

धाकटीची पाळी आली. चष्मा मोठा, तो दोन्ही हातांनी धरून ती बसली. पाच मिनिटे गप्प. भावाने विचारले, "मासा पकड ना!" ती म्हणाली, "मासा टी.व्ही.तच आहे."

मुले हसली. "हिला काही कळतच नाही," भाऊ म्हणाला. भाच्याला वाटले, चष्म्याची बॅटरी उतरली असेल. त्याने दुसरा चष्मा दिला. तेच उत्तर. माझी बहीण म्हणाली, "मस्ती करतेय. मुद्दाम बोलते." मुलीचा चेहरा उतरला. तिने चष्मा काढून आईच्या हातात दिला आणि मागे जाऊन बसली.

त्या रात्री मला लवकर झोप आली नाही. मुलगी खोटे बोलत नव्हती. ती दिसले तेच सांगत होती. ते कसे, हे समजण्यासाठी आधी तो चष्मा काय करतो ते पाहू. पुढचा भाग थोडा किचकट वाटेल, पण घरात मुले असतील तर जरूर वाचा, आणि जमले तर त्यांनाही वाचून दाखवा.

दोन डोळे कशाला?

एक साधा प्रयोग करा. उजव्या हाताचे बोट नाकासमोर वीतभर अंतरावर उभे धरा. डावा डोळा मिटून बघा. मग तो उघडून उजवा मिटा. असे आलटून पालटून केले की बोट भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे इकडून तिकडे उड्या मारते. बोट तर जागचे हलले नाही. मग काय हलले?

आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा-साडेसहा सेंटीमीटरचे अंतर असते. म्हणून डाव्या डोळ्याला जग थोडे डावीकडून दिसते आणि उजव्याला थोडे उजवीकडून. दोन चित्रे वेगळी असतात आणि दोन्ही खरी असतात. मेंदू या दोन चित्रांतला फरक मोजतो आणि त्यावरून कोणती वस्तू जवळ, कोणती लांब हे ठरवतो. सुईत दोरा ओवताना, विहिरीवर पोहऱ्याची कडी धरताना, अंधुक उजेडात पायरी उतरताना हा हिशेब आपल्या नकळत चालू असतो. एक डोळा मिटून पेनाला टोपण लावून बघा. पहिल्या खेपेला बहुधा चुकेल.

ही गोष्ट प्रथम नीट सिद्ध केली ती इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी, १८३८ साली. त्यांनी एकाच वस्तूची दोन चित्रे काढली, एक डाव्या डोळ्याला दिसेल तसे, दुसरे उजव्याला दिसेल तसे. आरशांच्या मदतीने प्रत्येक डोळ्याला त्याचे त्याचे चित्र दाखवले. सपाट कागदावरच्या रेघा एकदम भरीव दिसू लागल्या. आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी जत्रेत किंवा कुणा सधन मित्राच्या घरी व्ह्यू-मास्टर डोळ्यांना लावला असेल. गोल चकती, बाजूचा खटका दाबला की पुढचे चित्र. त्या चकतीत चौदा छोट्या फिल्मा असतात आणि चित्रे मात्र सात दिसतात. कारण प्रत्येक चित्रासाठी दोन फिल्मा, एकेका डोळ्याला एकेक. व्हीटस्टन यांचेच ते तत्त्व.

म्हणजे खोली कागदात नसते, फिल्ममध्ये नसते आणि टी.व्ही.तही नसते. ती दोन डोळे आणि मेंदू मिळून तयार करतात. यंत्राचे काम एवढेच, की डाव्याचे चित्र डाव्याला आणि उजव्याचे उजव्याला पोचवायचे.

चष्मा टी.व्ही.शी बोलतो

पण टी.व्ही.चा पडदा एकच. दोन चित्रे दाखवायची कशी? यासाठी भाच्याच्या संचात जी युक्ती आहे ती मोठी गमतीची आहे. टी.व्ही. एका सेकंदात साधारण १२० चित्रे दाखवतो. पहिले डाव्या डोळ्याचे, दुसरे उजव्याचे, तिसरे पुन्हा डाव्याचे. चष्म्याच्या काचा म्हणजे नुसत्या काचा नाहीत. त्यांत कॅल्क्युलेटरच्या आकड्यांत असते तसे द्रवस्फटिकाचे पटल असते. वीज मिळाली की काच काळी, वीज गेली की पारदर्शक. पडद्यावर डाव्या डोळ्याचे चित्र आले की उजवी काच काळी होते. उजव्याचे आले की डावी. प्रत्येक डोळ्यापुढची झडप अशी सेकंदाला साठ वेळा उघडते आणि मिटते. इतक्या वेगाने, की आपल्याला पत्ताही लागत नाही.

झडप नेमकी कधी मिटायची हे चष्म्याला टी.व्ही. सांगतो. रिमोटमधून निघतात तसल्या न दिसणाऱ्या किरणांनी, किंवा पुढच्या काळातल्या संचांत ब्लूटूथच्या लहरींनी. म्हणूनच त्या संध्याकाळी कुणी टी.व्ही.पुढून चालत गेले की चष्मा लावलेला ओरडत असे, "अरे, बाजूला व्हा, दोन दिसायला लागले!" टी.व्ही.चे आणि चष्म्याचे बोलणे मध्येच तुटत होते. आणखी एक गंमत भाच्यानेच शोधली होती. खोलीतली ट्यूबलाइट चालू ठेवली तर चष्म्यातून ती थरथरताना दिसे. जुनी ट्यूब विजेच्या तालावर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. एरवी ते आपल्या ध्यानात येत नाही. चष्म्याचा ताल निराळा. दोन ताल जुळले नाहीत की थरथर दिसते. म्हणून दिवा बंद करून बघावे लागते.

ही युक्ती आजची नाही. १९२२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहात लॉरेन्स हॅमंड या गृहस्थांनी प्रत्येक खुर्चीला एकेक यंत्र बसवले होते. त्यात मोटरवर फिरणारी झडप होती आणि ती प्रोजेक्टरशी ताल धरून चाले. यंत्र चालले, लोकांना आवडले, पण प्रत्येक खुर्चीमागे एक यंत्र हा खर्च कुणाला पेलला नाही. त्या एका नाट्यगृहाबाहेर ते गेले नाही. याच हॅमंड यांनी पुढे विजेवरचा ऑर्गन बनवला आणि त्याने त्यांचे नाव झाले. टी.व्ही.च्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या जॉन लोगी बेअर्ड यांनी १९२८ मध्येच लंडनला खोली दाखवणाऱ्या टी.व्ही.चे प्रात्यक्षिक केले होते.

आपल्याकडे ही गंमत सिनेमाने आणली. भारतातला पहिला थ्री-डी चित्रपट १९८४ साली मल्याळम भाषेत निघाला. तोच हिंदीत 'छोटा चेतन' म्हणून आला आणि आईस्क्रीमचा कोन थेट नाकापुढे आल्याची आठवण कितीतरी जण आजही सांगतात. मराठीत महेश कोठारे यांनी २०१३ च्या जूनमध्ये 'झपाटलेला २' थ्री-डीमध्ये आणला आणि तात्या विंचू पडद्याबाहेर डोकावला. सिनेमागृहात बहुधा हलके, बॅटरी नसलेले चष्मे देतात. तिथे झडपेऐवजी प्रकाशाची दिशा वेगळी करून चित्रे वाटली जातात. पण तत्त्व तेच, दोन डोळ्यांना दोन चित्रे.

पाच मिनिटांची पाळी

२००९ च्या डिसेंबरात 'अवतार' हा इंग्रजी चित्रपट आला आणि जगभर थ्री-डीची लाट उठली. २०१० मध्ये मोठ्या कंपन्यांनी झडपेच्या चष्म्यांचे टी.व्ही. बाजारात आणले. आता घरोघर असेच टी.व्ही. होणार असे सांगितले गेले. अमेरिकेत खेळांची थ्री-डी वाहिनी त्याच वर्षी सुरू झाली आणि २०१३ मध्ये बंदही पडली. २०१७ पर्यंत बड्या कंपन्यांनी असे संच बनवणे सोडून दिले. सात वर्षांत खेळ आटोपला.

कारणे अनेक सांगतात. दाखवायला कार्यक्रम कमी होते. चष्मा महाग होता, जड होता, त्याची बॅटरी उतरे. काळ्या काचांतून चित्र अंधारे दिसे. आडवे पडून बघावे तर आणखी काळोख. काहींचे डोके दुखे, मळमळे. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे : मासा नाकापुढे आला असे वाटून दोन्ही डोळे आतल्या बाजूला वळतात, पण नजर मात्र लांबच्या पडद्यावरच स्थिर ठेवावी लागते. एरवी ही दोन कामे बरोबर चालतात. इथे त्यांची ओढाताण होते.

पण घोलवडच्या त्या खोलीत बसल्यावर मला सर्वांत मोठे कारण दिसले. अकरा माणसे आणि दोन चष्मे. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले. त्यानंतर किती वर्षे आपल्या चाळीत, वस्तीत एखाद्याच घरी टी.व्ही. असे. शनिवारच्या मराठी सिनेमाला दारात, खिडकीत, जिन्यात माणसे. 'छायागीत'ला पोरे जमिनीवर, बायका मागे उभ्या. चित्र मुंग्यांनी भरलेले, काळे-पांढरे. पण पाहणारा प्रत्येक जण तेच चित्र पाहत असे. दारात उभ्या असलेल्याला आतल्यापेक्षा कमी दिसत नसे. माणशी एक चष्मा मागणारा टी.व्ही. आपल्या घरात टिकणार कसा? पाहुणा आला की कुणाचा चष्मा काढून घ्यायचा? भाच्याने घड्याळ लावून पाळी ठरवली, म्हणून त्या रात्री भांडण झाले नाही. त्याचे मला कौतुक वाटले.

मुलगी खरे बोलत होती

आता धाकटीकडे येऊ. चष्मा चालू होता. इतर दहा जणांना मासा बाहेर आलेला दिसत होता. एकटीला नाही. आपण वर पाहिले, खोली दोन डोळे आणि मेंदू मिळून तयार करतात. यंत्र ठीक असेल आणि तरी खोली दिसत नसेल तर दोन डोळे मिळून काम करत नसण्याची शक्यता धरली पाहिजे.

सकाळी मी तिला ओसरीवर बोलावले. म्हटले, "चल, एक खेळ खेळू." भिंतीवर कॅलेंडर होते. ती पाच-सहा पावलांवर उभी राहिली. डावा डोळा तळहाताने झाकायला लावला. तिने तारखा घडाघड वाचल्या. मग उजवा डोळा झाकला. ती थांबली. मान तिरकी करून हाताच्या फटीतून बघू लागली. मी हात नीट धरला.

"मामाआजोबा, आता दिसत नाही."

"कुठली तारीख दिसत नाही?"

"कॅलेंडर आहे ते दिसतं. आकडे नाही दिसत."

सून दारात उभी होती. तिच्या हातातले सूप तसेच राहिले. "असं कसं? ती तर सगळं बघते. शाळेत पण फळ्यावरचं लिहून आणते."

तिचे म्हणणे बरोबर होते. एक डोळा उत्तम असला की मुलाचे सगळे चालते. ते पडत नाही, धडपडत नाही, तक्रार करत नाही. एका डोळ्याने कमी दिसते हे त्याला कळणार तरी कसे? जन्मापासून तसेच दिसत असेल तर त्याच्या लेखी जग तसेच असते. आणि या मुलीचा डोळा बाहेरून अगदी सरळ होता. तिरळेपणाचे नाव नाही. त्यामुळे घरच्यांची काही चूक नव्हती.

चार दिवसांनी भाचा तिला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. तपासणीत निघाले की दोन्ही डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक आहे. उजवा जवळजवळ बिनचूक, डाव्याला जाड नंबर. डाव्या डोळ्याकडून येणारे चित्र कायम धूसर. मेंदूने काय करावे? एक चित्र स्वच्छ, एक धूसर. त्याने धूसर चित्राकडे दुर्लक्ष करायला सुरुवात केली. डोळा असूनही वापरात नाही. याला डॉक्टर मंडळी आळशी डोळा म्हणतात. डोळा तिरळा असला, किंवा जन्मतः मोतीबिंदू असला, किंवा पापणी खाली ओघळून बाहुली झाकली गेली असली, तरी हेच होऊ शकते. शंभर मुलांमागे दोन-तीन मुलांना हा त्रास असतो असे साधारणपणे मानतात. म्हणजे मोठ्या पटाच्या कोणत्याही शाळेत असे कुणी ना कुणी मूल बसलेले असते.

उपाय साधा आहे, पण चिकाटीचा आहे. आधी योग्य नंबरचा चष्मा, तोही पूर्ण वेळ. मग डॉक्टर सांगतील तितका वेळ, रोज, चांगला डोळा पट्टीने झाकायचा. चांगला झाकला की मेंदूला दुसऱ्याकडे वळावेच लागते. धाकटीला रोज दोन तास पट्टी सांगितली. हे काम लहान वयात फार चांगले होते. सात-आठ वर्षांपर्यंतचा काळ सर्वांत मोलाचा. त्यानंतर अजिबात उपयोग नाही असे नाही, मोठ्या मुलांनाही काही फायदा होतो, पण वय वाढते तसे यश कमी होत जाते. मुलगी सहा वर्षांची होती. थोडक्यात, वेळेत सापडली.

"पण मुलीला चष्मा?"

इथपर्यंत सारे ठीक होते. अडचण पुढे आली आणि ती घरातूनच आली. माझी बहीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, एवढ्याशा पोरीला चष्मा? आणि डोळ्याला पट्टी? उद्या लोक काय म्हणतील? पुढे लग्न जमवताना विचारतील ना."

मी तिला एवढेच विचारले, "नातवाला चष्मा लागला असता तर हेच बोलली असतीस का?" ती गप्प बसली. वाईट मनाची ती नाही. रोज उन्हात राबून तिने मुलगा वाढवला. पण हा प्रश्न तिच्या तोंडी कुणी घातला? आपण सगळ्यांनी. चष्मा लावणारी मुलगी उणी आणि न दिसणारी मुलगी चालेल, हा हिशेब कुठला? मुलीच्या लग्नाची काळजी वीस वर्षांनंतरची आहे. तिच्या डोळ्याची मुदत दोन-तीन वर्षांत संपणार आहे. आधी कोणते काम करायचे ते माउल्यांनो, तुम्हीच ठरवा.

असेच आणखी काही समज आपल्यात आहेत. तिरळा डोळा भाग्याचा असतो, असे म्हणून त्याच्याकडे काणाडोळा करतात. भाग्याचा वगैरे काही नसतो. मूल सहा महिन्यांचे झाल्यावरही डोळा वाकडा दिसत असेल तर ते डॉक्टरांना दाखवण्याचे लक्षण आहे. मोठी झाली की आपोआप जाईल, म्हणून वाट बघतात. ती वाटच सर्वांत महाग पडते. काहीजण डोळ्यात मध, कांद्याचा रस, अंगावरचे दूध घालतात. डोळ्यात डॉक्टरांनी दिलेल्या औषधाखेरीज काहीही घालू नये. त्याने आळशी डोळा सुधारत नाही, उलट जखम आणि जंतुसंसर्ग होतो.

घरी काय बघावे

मुलाला गोष्ट सांगत, खेळवत एक-एक डोळा झाकून बघा. एक डोळा झाकला की मूल रडते, हात ढकलते आणि दुसरा झाकला तर काही म्हणत नाही, असे झाले तर सावध व्हा. टी.व्ही.ला नाक लावून बसणे, मान तिरकी करून बघणे, उन्हात एक डोळा मिटणे, पाणी ओतताना भांड्याबाहेर ओतणे, चेंडू झेलताना सतत चुकणे, ही लक्षणे ध्यानात ठेवा. बाहुलीत काळ्याऐवजी पांढरी झाक दिसली, किंवा फोटोत एका डोळ्यात पांढरा ठिपका आला, तर एक दिवसही थांबू नका. तो मोतीबिंदू असू शकतो किंवा त्याहून गंभीर आजारही असू शकतो.

थ्री-डी सिनेमाला गेलात आणि मूल म्हणाले, "मला काही बाहेर येत नाही," तर त्याला हसू नका. आधी चष्मा तपासा, मग डोळे तपासून घ्या. पण एक लक्षात ठेवा, टी.व्ही. म्हणजे डॉक्टर नव्हे. थ्री-डी दिसले म्हणून डोळे निर्दोष आहेत असे होत नाही. शाळेत जाण्याआधी एकदा तरी तपासणी व्हावी हेच खरे. आणि ज्यांना फिट येतात त्यांनी असे खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय बघू नयेत. तशी सूचना या संचांच्या माहितीपुस्तकांतही असते.

खर्चाची धास्ती नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याची पथके अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत मुलांना तपासायला येतात, त्यात नजरही बघतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला लग्नाला, जत्रेला नेऊ नका, शाळेत पाठवा. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासूनचा आहे. त्यात गरजू शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. अंगणवाडीताईंना, शाळेतल्या बाईंना, आशाताईंना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. तो आपला हक्क आहे.

आणि ज्यांचा एक डोळा खरोखरच गेलेला आहे, त्यांच्याविषयी एक शब्द. खोली ओळखायला मेंदूजवळ आणखीही वाटा आहेत. सावली, वस्तूचा आकार, एक वस्तू दुसरीच्या आड येणे, चालताना जवळचे झाड लांबच्यापेक्षा भरभर मागे जाणे. एका डोळ्यावर उत्तम शिवणकाम करणारे, रंधा मारणारे कारागीर आहेत. तेव्हा "काणा" म्हणून कुणाला चिडवणे हे आपल्या घरातून जायला हवे. मुलांच्या तोंडातून तर पहिल्यांदा.

पुढे काय झाले

पट्टीचे पहिले पंधरा दिवस वाईट गेले. धाकटी ती ओढून काढी. वर्गातली मुले चिडवीत. मग सुनेने युक्ती केली. पट्टीवर रोज एक चित्र काढायचे, ते मुलीने निवडायचे. कधी चिकू, कधी मासा, कधी आगगाडी. वर्गशिक्षिकेने मुलांना पट्टी कशासाठी ते समजावले, तेव्हा चिडवणे थांबले. मोठा भाऊ, जो त्या रात्री हसला होता, तोच आता घड्याळ लावून दोन तास मोजतो. पट्टीच्या वेळात तिच्याकडून वाचन आणि चित्रे रंगवून घेतो.

दिवाळीत मी पुन्हा गेलो. डॉक्टरांच्या तक्त्यावर डाव्या डोळ्याने ती आधीपेक्षा तीन ओळी खाली उतरली होती. अजून बरेच बाकी आहे. डॉक्टरांनी सांगितले, नजर पुष्कळ सुधारेल. दोन डोळे मिळून किती काम करू लागतील ते पुढे बघू. भाच्याने उत्साहाने तो काळा चष्मा काढला, पण त्याची बॅटरी संपली होती. नवी आणायची राहूनच गेली, आणि कुणाला तशी घाईही नव्हती. टी.व्ही. आता साधाच चालतो. सगळे घर एकदम बघते.

मी ओसरीवर बसलो होतो. धाकटीने आपला स्वतःचा चष्मा नीट केला, समोर येऊन उभी राहिली आणि उजवा डोळा हाताने झाकला.

"मामाआजोबा, तारीख विचारा."

मी विचारली. तिने थोडा वेळ घेतला, पण बरोबर सांगितली.

आज रात्री तुमच्याही घरी हा खेळ खेळा. कॅलेंडर तर प्रत्येकाच्या भिंतीवर आहेच.